जुन्या टेनामेंटवर किती खर्च करायचा? बडोद्यातल्या घरमालकासाठी

काकांनी १९८४ साली कारेलीबागेकडे भाड्याने द्यायला म्हणून घेतलेलं टेनामेंट माझ्याकडे आलं, तेव्हा सल्ल्यांचा पाऊस पडला. वहिनी म्हणाली, किचन नवं कर, भाडं दुप्पट होईल. आत्या म्हणाली, रंग मार आणि देऊन टाक. शेजारचे काका ओट्यावर बसूनच म्हणाले, 'वेची नाखो ने, भाई,' म्हणजे विकून टाका ना. मी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं आणि तिथेच चुकलो. दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने आतून पुट्टी, रंग, सगळं चकाचक केलं. पुढच्या जुलैत भाडेकरूने बेडरूमच्या भिंतीचा फोटो पाठवला. हाताएवढा पोपडा सुटला होता आणि त्याच्या मागे काकांच्या वेळचा निळा डिस्टेंपर दिसत होता. पाणी गच्चीवरून येत होतं. मी रंगवली होती भिंत.

त्यानंतर हे घर आणि आत्याचा मांजलपूरचा फ्लॅट अशा दोन जागांचं काम टप्प्याटप्प्याने केलं. त्यातून बसलेला क्रम इथे देतोय. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, टेनामेंट म्हणजे आपल्याकडचं बैठं किंवा एकमजली जोडघर. स्वतःचा छोटा प्लॉट, पुढे ओटा, मागे धुण्याभांड्यांची चोकडी.

आधी ठरवा: विकायचं काय आहे, घर की जमीन?

कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलवायच्या आधीचा हा प्रश्न आहे. बरेच जण तो शेवटी विचारतात. चांगल्या रस्त्यावरचं चाळीस वर्षांचं टेनामेंट विकायला काढलं, तर घेणारा बहुतेक वेळा ते पाडून नवीन बांधणार असतो. तो पैसे मोजतो प्लॉटचे. तुमच्या नव्या लाद्यांना त्याच्या हिशेबात किंमत शून्य, उलट त्या फोडायची मजुरी त्याच्या डोक्यात असते. त्यामुळे दोन-तीन वर्षांत विकायचं असेल आणि प्लॉटलाच भाव असेल, तर छत गळू न देणं आणि वीज धोकादायक नसणं, एवढंच करा आणि थांबा. तुमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत विकलेल्या घरांपैकी किती पाडली, ते मोजा. हा आकडा दलालापेक्षा खरं बोलतो.

फ्लॅट असेल तर सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज चालू आहे का, ते सेक्रेटरीला विचारा. गुजरातमध्ये २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षं जुन्या इमारतीचा पुनर्विकास ७५ टक्के सभासदांच्या संमतीने होऊ शकतो. अशा इमारतीत चार लाखांचं किचन बसवणं म्हणजे निघालेल्या गाडीत सामान चढवणं.

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे जुने वाडे हे वेगळंच प्रकरण. तिथे वरच्या मजल्यावर जुना भाडेकरू जुन्याच भाड्यावर बसलेला असेल, तर १९४७ पासून चालत आलेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कक्षेत तुम्ही आहात. त्या खोलीवर खर्च करून भाडं वाढत नाही. छत आणि जिना सांभाळा, बाकी वकिलाशी बोलून ठरवा. विक्रीचा विचार असेल तर जागा अशांत धाऱ्याखालच्या (दंगलीमुळे 'अशांत' जाहीर केलेल्या भागांतल्या मालमत्ता-विक्रीवरच्या कायद्याखालच्या) भागात येते का, तेही बघून ठेवा. येत असेल तर विक्रीला कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. सहा महिन्यांत विकू या भरवशावर घर सजवून बसणाऱ्याला तो वेळ महागात पडतो.

पुढचं सगळं, पाच-सात वर्षं तरी घर ठेवून भाडं खायचं आहे असं धरून.

एक पावसाळा घराकडे बघा

शक्य असेल तर खर्चाचा निर्णय मे महिन्यात घेऊ नका. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडं असतं. जुलैत, चांगला पाऊस लागून दोन दिवस झाले की घरात जा. हातात पेन्सिल ठेवा. जिथे ओल दिसेल तिच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी परत जा. डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर पाणी चालू आहे. तिथेच असेल तर ती जुनी खूण आहे.

ओल कुठे आहे यावरून तिचा उगम कळतो. छताला आणि भिंतीच्या वरच्या भागात असेल तर गच्ची किंवा पॅरापिट (गच्चीचा कठडा). खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर छज्जा किंवा चौकटीचा सांधा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्यावर पांढरा क्षार फुटला असेल तर जोत्यातून चढणारी ओल. आणि पाऊस नसतानाही एकाच जागी डाग ओला राहत असेल तर तो नळाचा किंवा संडासाचा पाइप. या चारांचे उपाय वेगळे, खर्च वेगळा. कंत्राटदाराला 'ओल आहे, बघा' असं मोघम सांगितलंत, तर तो सगळ्यांवर एकच औषध लावेल: वॉटरप्रूफ पुट्टी. जोत्याच्या ओलीवर ती एक हंगाम टिकते.

भेगाही याच फेऱ्यांत बघा. बडोद्यात पुष्कळ भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग दिसली की लगेच भरू नका. भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक ठिपका लावा, वर तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठिपका अखंड राहिला, तर भेग जुनी आहे, भरून टाका. तुटला, तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनियर.

पाणी कुठवर आलं होतं?

हा प्रश्न शेजारच्या आजींना विचारायचा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांपलीकडे गेली तेव्हा. आजींना इंच सांगता येत नाहीत, पण 'टीव्हीच्या टेबलापर्यंत' हे नक्की सांगतात. टेपने मोजा आणि भिंतीवर खूण करा. फतेगंज, अकोटा, समा, कारेलीबाग, वडसरकडच्या खालच्या गल्ल्यांत ही खूण घराच्या बाकी सगळ्या निर्णयांवर राज्य करते.

खूण जमिनीपासून दोन फूट असेल, तर दोन फुटांच्या खाली प्लाय किंवा एमडीएफ काहीही लावायचं नाही. एवढं एक पाळलं तरी बरंच नुकसान वाचतं. किचनच्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे करा आणि पुढे ॲल्युमिनियमची दारं लावा. बाथरूमला पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचं) दार. जमिनीला कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल. प्लगचे बोर्ड कमरेच्या वर घ्या, मीटरचा बोर्ड आणि मोटर त्याहून वर. जमिनीखालच्या टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच कठड्यावर बसवा, नाहीतर पुराचं पाणी सगळ्यात आधी तिथे शिरतं आणि पाणी ओसरल्यावरही आठवडाभर प्यायला काही नसतं.

जुन्या टेनामेंटची आणखी एक अडचण अशी की रस्ता दर काही वर्षांनी थरावर थर चढत उंच झाला आणि घर होतं तिथेच राहिलं. आमच्या ओट्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एक दिसते. आतली जमीन भरून उंच करायचा मोह होतो. पण सहा इंच भराव टाकला की दारं कापावी लागतात, किचनचा ओटा बुटका होतो, बाथरूमचा उतार बदलतो आणि पंख्याखाली उंची कमी पडते. गल्लीत दरवर्षी पाणी घरात येत असेल तरच त्यात पडा. क्वचित येत असेल तर उंबऱ्याला खाचा करून पुराच्या दिवसांत अडकवायची लोखंडी फळी स्वस्तात होते.

न दिसणारा खर्च: इथे भाडं वाढेल का असं विचारू नका

छत, वीज, पाणी, निचरा. या चारांवर पैसे घातल्याने भाडं रुपयाने वाढत नाही. तरीही हे आधी. यातलं एक जरी बिघडलं तरी बाकीचं केलेलं वाया जातं, आणि वीज बिघडली तर माणूस जातो.

छतावर उपाय निवडताना आपण कुठे राहतो ते विसरू नका. डांबरी शीट किंवा पातळ कोटिंग कागदावर उत्तम दिसतं. पण १४ जानेवारीला त्याच धाब्यावर पंचवीस जण चप्पल घालून पतंगामागे धावणार, कोपऱ्यात शेगडीवर उंधियू तापणार, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला तेच परत. भाडेकरूला 'गच्चीवर जाऊ नका' असं बडोद्यात सांगता येत नाही. म्हणून वर टिकाऊ थर हवा. उतार नीट करून ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि त्यावर चायना मोझेक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर) हा जुना उपाय अजून चालतो. पांढरा असेल तर खालची खोलीही थंड राहते. मात्र जुन्या छतावर आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवू नका. वजन वाढतं. खरवडून काढायला लावा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी साचवून ठेवा आणि खालून छत बघा. पॅरापिट आणि छत मिळतं तो कोपरा गोल भरून घ्या, निम्मी गळती तिथली असते.

विजेत १९८० च्या दशकातल्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आणि नावापुरतं अर्थिंग सापडतं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार, अशी तांब्याची वायर नव्याने ओढा. ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. एमजीव्हीसीएलचा (आपल्या वीज कंपनीचा) मंजूर लोड बिलावर बघा. दोन एसीचे पॉइंट देऊन लोड जुनाच ठेवलात, तर मे महिन्यात भाडेकरूचा फोन तुम्हालाच येणार.

पाण्याचे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजून बंद होत आलेले असतात. दोन नळ एकदम सोडा. दुसरा सोडल्यावर पहिल्याची धार करंगळीएवढी झाली तर पाइप संपले. फोडाफोड न करता नवी सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपची) लाइन बाहेरून नेली तरी चालते. भाड्याच्या घरात दिसणारा पाइप ही गैरसोय नाही. उद्या गळला तर सापडतो. निचऱ्याचे जुने चिनी मातीचे पाइप कंपाउंडच्या आसोपालवाच्या (उंच अशोकाच्या) मुळांनी भरलेले असू शकतात. मागच्या चोकडीत पाच बादल्या एकदम ओतून चेंबर बघा.

छताच्या सळया हा यातला सगळ्यात गंभीर भाग. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. काठीने छत ठोकत जा. टणक आवाज बरा, बद्द आवाज आला तिथे थर सुटलाय. एक-दोन ठिकाणी असेल तर सैल भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरता येतं. नुसतं सिमेंट थापून वर पीओपी करणाऱ्याला हाकला. निम्म्या खोलीचा आवाज बद्द असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून हॅमर (काँक्रीटची ताकद बघणारी) आणि हाफ-सेल (सळईचा गंज बघणारी) चाचणी करून घ्या आणि अहवाल येईपर्यंत एकही लादी विकत घेऊ नका. कधीकधी उत्तर 'दुरुस्ती नको, पाडा' असं असतं. ते चाचणीच्या पैशात कळलं तर स्वस्त.

आणि 'ओपन किचन' साठी भिंत पाडू या, असं कुणी म्हणालं तर ती भिंत मोजा. बहुतेक जुन्या टेनामेंटमध्ये नऊ इंची भिंतींवरच स्लॅब बसलेला असतो. तिथे खांब नाहीत.

दिसणारा खर्च: गल्लीचं छत ओळखा

इथे मात्र हिशेब कडक. प्रत्येक गल्लीला भाड्याची एक कमाल मर्यादा असते. तुमचं घर कितीही सजवलं तरी त्यावर कुणी देत नाही, कारण तेवढ्यात त्याला पलीकडच्या नव्या इमारतीत लिफ्टसकट फ्लॅट मिळतो. तीन दलालांना वेगवेगळं विचारा. 'किती मिळेल' असं नको, 'गेल्या सहा महिन्यांत या सोसायटीत कितीला गेलं आणि त्यात काय होतं' असं विचारा.

मग असं मांडा. समजा आहे तसं घर ९,००० ला जातं. रंग, स्वच्छ बाथरूम, बेसिन-नळ, मच्छरजाळ्या आणि जुन्या मोझेक लाद्यांना पॉलिश, यावर ९०,००० घातले तर ११,००० येतात. वर्षाचे महिने अकरा धरा, एक महिना घर रिकामं राहतंच. म्हणजे वर्षाला २२,००० जास्त, चार वर्षांत वसूल. रंग तेवढा टिकतो, नळ-बेसिन त्याहून जास्त. करा.

आता पुढची पायरी. मॉड्युलर किचन, नव्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, चार लाख. भाडं १३,०००. पुन्हा वर्षाला २२,००० च वाढ, म्हणजे अठरा वर्षं. भाड्याच्या घरातलं प्लायचं किचन अठरा वर्षं जगत नाही. तेच चार लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला २८,००० येतात आणि मुद्दल जागेवर राहतं. शिवाय काम चालू असतानाचे दोन महिने घर रिकामं, ते भाडंही खर्चात धरा. वहिनीला हा कागद दाखवला. ती म्हणाली, 'मग आपल्या घरचं किचन कर.'

प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावा: पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं त्या वस्तूच्या आयुष्यापेक्षा कमी आहेत का?

याला एक पोटकलम आहे. काही गोष्टी भाडं वाढवत नाहीत, पण घर लवकर जातं. एक रिकामा महिना वाचला तर ते ९,००० च झाले. कमोड, गीझरचा पॉइंट, पाण्याचा जोर, स्कूटर आत उभी करायला फाटक, एसीची जागा. कुटुंबं ओटा आणि कोठीची खोली बघतात. युनिव्हर्सिटीजवळ, फतेगंज-प्रतापगंजकडे विद्यार्थ्यांना देणार असाल तर किचनवर एक पैसा घालू नका. प्रत्येक पलंगाजवळ दोन प्लग, धुता येणारा रंग आणि भक्कम कड्या पुरतात.

वेळापत्रक आणि माणसं

छताचं काम पावसाआधी, रंग पावसानंतर. मधला पावसाळा परीक्षेचा. दाहोद-पंचमहालकडचे मजूर होळीला गावी जातात आणि आठवडाभर तरी फिरकत नाहीत, लादीवाले दिवाळीला जातात. या दोन्हींच्या आधी काम अर्धवट उघडं राहील असं सुरू करू नका. कामाचा दर चौरस फुटावर लिहून घ्या, 'उधडं' (उक्तं) ठरवू नका. एकदा मी असं ठोक ठरवलं आणि वायर निम्म्या जाडीची निघाली. अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवा, जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते कुणाला माहीत नसतं.

मार्जिनमध्ये (प्लॉटच्या कडेला मोकळी सोडायच्या जागेत) काढलेली जुनी खोली किंवा शेड असेल तर तिचे कागद आधी बघा, इम्पॅक्ट फी (विनापरवाना बांधकाम नियमित करून घ्यायची फी) भरलेली आहे का. नसेल तर त्या खोलीवर सजावटीचा खर्च करू नका.

बिलं कुठे ठेवायची

घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला वेरा (घरपट्टी) वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर तुम्ही हजार घाला की लाख, ती तेवढीच. म्हणून रंगाच्या बिलाने आयकर वाचत नाही. पण नवीन खोली, नवा स्लॅब अशी घरात कायमची भर घालणारी कामं विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून खर्च म्हणून वजा होतात. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) १२.५ टक्के कर किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते धरता येतं. दोन्हीत पक्की बिलं आणि चेकने दिलेले पैसेच उपयोगी पडतात. एक फाइल करा आणि त्यातच भिंती बुजवण्याआधी काढलेले पाइप-वायरचे फोटो ठेवा. पुढच्या वेळी खिळा कुठे ठोकायचा नाही, ते त्यावरून कळतं.

बेडरूमला दुसऱ्यांदा रंग दिला तो छत करून, एक पूर्ण पावसाळा थांबून. यंदा जुलैत भाडेकरूंच्या आजींना फोन केला, भिंत कशी आहे विचारलं. 'कोरडी आहे रे,' त्या म्हणाल्या, 'पण किचनच्या खिडकीतून पाणी येतंय. मी पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय.'